आखाजीचं माप

आमच्या धुळ्यात उन्हाळ्याच्या दिवसाचे दोनच तुकडे माणसांच्या वाट्याला येतात, ऊन चढायच्या आधीचा आणि ऊन उतरल्यानंतरचा. मधला भलामोठा तुकडा बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा. पहाटे ज्वारीचा घाटा शिजवायचा, गरम असतानाच ओल्या धोतरावर हातानं थापायचा, धोतर गच्चीवर पसरायचं आणि आपण खाली पळायचं. पुढचं सगळं ऊन करतं. माणसाकडे काम उरतं ते फक्त कावळे हाकलायचं, आणि आमच्या घरात ते काम मला कळायला लागल्यापासून माझ्याकडे आहे.

यंदाही माझ्याकडेच होतं. पुण्यात मी अ‍ॅनिमेशन कंपनीत कामाला आहे, हाताखाली नवी पोरं आहेत, मीटिंगमध्ये माझं मत विचारतात. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुळ्यातल्या देवपूरच्या घरी आले की आई हातात काठी देते आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसवते. शेजारी पाण्याचा तांब्या. डोक्यावर ओला टॉवेल. बिबडे कडेनं वाळत येतात आणि मधे अजून मऊ असतात, तेव्हा एखादा हळूच उचलून तोंडात टाकायचा, हा त्या नोकरीतला भत्ता. तीळ, लसूण, मिरची आणि थोडीशी धोतराची चव. ती चव पुण्यात कुठल्याही दुकानातल्या बिबड्याला येत नाही.

तांब्यातलं पाणी प्यायचं असतं, पण मी लहानपणापासून त्यानं चित्रं काढते. बोट बुडवायचं आणि तापलेल्या कोब्यावर रेघ ओढायची. आमच्या गच्चीचा कोबा खरबरीत, तडे गेलेला. रेघ सरळ जातच नाही, अडखळते, फुटते, कुठे पसरते. आणि ऊन असं, की तुम्ही घोड्याचं शेपूट काढेपर्यंत त्याचं तोंड वाळून गेलेलं असतं. अख्खा घोडा मी कधीच पाहिलेला नाही. म्हणून मग चपळाईनं काढायची सवय लागली. पुरा नाही जमला तरी चालेल, पण पळताना दिसला पाहिजे. माझ्या हातातली ती थरथरती, घाईची, मधेच तुटणारी रेघ तिथून आली. नाशिकला कोर्स करताना सगळे म्हणायचे, तुझं काम नाव न वाचता ओळखता येतं. तेव्हा माझ्याजवळ ऐटीत सांगावं असं तेवढंच होतं.

तर यंदा बोट बुडवलं आणि अक्काला काढायला घेतलं. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. नाना म्हणजे माझे वडील, सगळी कॉलनी त्यांना नाना म्हणते म्हणून मीही म्हणते. अक्का साक्रीला दिलेली. तिकडे ती बायकांचे ब्लाऊज शिवते, आणि दर आखाजीला माहेरपणाला आमच्याकडे येते. ती जिन्याच्या दाराशी, चौकटीच्या सावलीत पाय पसरून बसली होती. मी कपाळ काढलं, नाक काढलं, पदर काढला. आणि थांबले. रेघ गोल गुळगुळीत आली होती. कोबा तोच, तडे तेच, पण माझं बोट तड्यांवरून असं अलगद गेलं होतं, की कुठे अडखळलंच नाही. डोळे मोठे, गाल गोबरे, दंड भरलेले. बडबडगीतांच्या व्हिडिओत आम्ही जी आजी वापरतो ती आजी माझ्या गच्चीवर बसली होती. ऊन तिला खात होतं, आणि मला वाईट वाटायच्या ऐवजी बरं वाटलं, म्हणजे बघा.

हात ऑफिसचा झाला, असं मनात आलं.

काही वर्षांपूर्वी याच गच्चीवर, अशाच आखाजीत, मी ती नोकरी मिळवण्यासाठी धडपडत होते. कोर्स संपला होता. शोरील, म्हणजे आपल्या कामाचे तुकडे जोडून केलेली छोटी फिल्म, दिसेल त्या कंपनीला पाठवून झाली होती. उत्तरं येत नव्हती, आली तर गोड येत होती. ‘तुमची शैली फार वेगळी आहे.’ या वाक्याचा अर्थ मला हळूहळू कळला. पाहुणे मुलगी बघून गेल्यावर ‘कळवतो’ म्हणतात, तसाच तो. नानांनी माझ्या कोर्ससाठी अख्ख्या भावकीशी वाद घातला होता. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. रोज सकाळी पेपरची घडी घालता घालता विचारायचे, “आला का मेल?” मी नाही म्हटलं की म्हणायचे, “येईल.” आणि पुढे, माझ्याकडे न बघता, “बी.एड.चे अर्ज जूनमध्ये निघतात म्हणे.” आमचं ठरलंच होतं. जूनपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर बी.एड. त्यात त्यांचा जुलूम काही नव्हता. मीच कबूल केलं होतं, म्हणून तर जास्त टोचायचं.

मग पुण्याच्या एका कंपनीनं टेस्ट पाठवली. लहान मुलांच्या गाण्यांचे व्हिडिओ करणारी कंपनी. टेस्ट अगदी साधी होती. एक मुलगी बागेत झोका घेते. वेळ दुपारची.

झोका! मला हसूच आलं. आखाजीत खान्देशातल्या पोरीला झोका काढायला सांगायचा म्हणजे माशाला पोहायची परीक्षा. आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये एक कडुनिंब आहे, त्याला दर आखाजीला दोर बांधतात. माहेरी आलेल्या बायका त्यावर बसतात, आणि वर्षभर ज्या हळू बोलतात त्या तिथं गळा काढून गातात. मी त्या झोक्याखाली वाढले. झोका कुठे थबकतो, परतताना पोटात कुठे खड्डा पडतो, पुढे गेला की फांदी किती खाली येते आणि तिच्यावरचा पाला उशिरा कसा सळसळतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

जीव ओतून केलं. पाठवलं. दोन-तीन दिवसांत पुण्याहून सरांचा व्हिडिओ कॉल आला. माणूस चांगला होता, हे आधी सांगते, कारण तेव्हा मला तो राक्षस वाटला होता.

“हिच्या डोक्यावर काय आहे?” त्यांनी विचारलं.

“ओला टॉवेल.”

“आजारी आहे का?”

“नाही सर. दुपार आहे ना.”

ते स्क्रीनच्या आणखी जवळ आले. “आणि आकाश पांढरं का?”

“दुपार आहे ना,” मी पुन्हा म्हटलं.

“घरांच्या खिडक्या सगळ्या बंद. रस्त्यावर एक माणूस नाही. कावळा चोच उघडी टाकून बसलाय. अहो, तीन वर्षांची पोरं बघणार आहेत हे!”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांची दुपार म्हणजे निळं आकाश, फुलपाखरं, हिरवळ. आमच्याकडे दुपारी झोक्यावर बसलेली पोर दिसली तर शेजारचे तिच्या आईला हाक मारतील. टेस्ट वाचताना मला हे खटकायला हवं होतं, पण मी आमची दुपार गृहीत धरली आणि त्या पोरीची काळजी वाटून तिच्या डोक्याला टॉवेल बांधला. आजही आमच्या ऑफिसात कुणी ‘डे लाइट’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी पांढरं आकाश येतं. मग मी ते निळं करते.

सर पुढे म्हणाले, “रेघ तुमची मस्त आहे. पण थरथरते. आमच्याकडे एकाच मुलीला दहा जण काढतात, दहाही जणांची मुलगी सारखी दिसायला हवी. तुमची रेघ दुसऱ्या कुणाला काढता येणार नाही.” मी ते कौतुक समजून थँक्यू म्हणणार होते. “म्हणून ती चालणार नाही,” त्यांनी वाक्य पुरं केलं. “सोमवारपर्यंत क्लीन लाइनमध्ये करून पाठवा. मग बघू.”

त्या दुपारी मी गच्चीवर येऊन रडले. बिबड्यांवर कावळे बसले, तरी उठले नाही. आई ओरडत वर आली आणि माझं तोंड बघून स्वतःच काठी घेऊन उभी राहिली.

अक्का तेव्हाही माहेरपणाला आलेली होती. माझ्याहून जास्त तिलाच उत्सुकता, पोरगी त्या डब्यात बघून दिवसभर करते तरी काय. मी लॅपटॉपवर तिला आधीची, न चाललेली पोर दाखवली. अक्कानं चष्मा लावला, पदरानं स्क्रीन पुसला आणि निरखून बघितलं.

“काय वं पोरी, हाई पोरले हिव भरेल शे का? बठ्ठी थरथर कापी ऱ्हायनी!”

म्हणजे पोर थरथरते यावर पुणे आणि साक्री यांचं एकमत झालं. मला हसावं की चिडावं कळेना. मी तिला सगळं समजावून सांगितलं, की अक्का, ती थरथर म्हणजेच मी आहे, आणि त्यांना ती काढून टाकायची आहे. तिनं ऐकून घेतलं. तिचे हात तोवर आईच्या परकराला नाडी ओवत होते, कारण अक्काला रिकाम्या हातानं ऐकता येत नाही.

“गिऱ्हाईकनं ब्लाऊज मी गिऱ्हाईकना मापनं शिवस,” ती म्हणाली. “मन्हा मापनं शिवं तं तिना आंगवर बठी का?”

“मग तुझं स्वतःचं?”

“मन्हं शिवस ना आखाजीले. तवय गिऱ्हाईक मीच.”

हे खरं होतं. आमच्या घरची ती रीतच आहे. आखाजीला नाना तिला साडी आणि ब्लाऊजपीस देतात. तो पीस ती वर्षभर ठेवते आणि पुढच्या आखाजीला निघायच्या आधी स्वतःचा ब्लाऊज शिवून, तो घालून माहेरी येते. त्या एका ब्लाऊजवर तिचे सगळे लाड असायचे. पाठीवर वेगळा गळा, बाहीला बारीक पायपिंग, कधी आत कुणाला दिसणारही नाही अशा जागी उरलेल्या रंगीत तुकड्यांची पट्टी. दारात आली की आई आधी तिला गर्रकन फिरवून पाठ बघायची. साक्रीच्या कुठल्या गिऱ्हाइकानं असा गळा मागितला नसता, आणि मागितला असता तरी अक्कानं तो दिला असता असं मला वाटत नाही.

मी दुसरी टेस्ट केली. टॉवेल काढला. आकाश निळं केलं. खिडक्या उघडल्या, एकीत कुंडी ठेवली. रेघ धुऊन काढल्यासारखी स्वच्छ केली. एवढं करताना फांदी मात्र हातून सुटेना. झोका पुढे गेला की ती वाकायची आणि परत यायची, पाला मागाहून यायचा. ते माझ्या शैलीत बसतं की त्यांच्या, हे मला ठरवता आलं नाही, म्हणून ते तसंच राहिलं. सोमवारी पाठवलं. आखाजीच्या दिवशी, घरात खापरावरचे मांडे होत असताना आणि अंगणभर आमरसाचा वास सुटलेला असताना मेल आला. निवड झाली होती. खाली एक ओळ होती, ‘फांदीचं वजन छान पकडलंय.’

नानांनी तो मेल मोबाइलवर स्वतः वाचला, चष्मा काढला, परत लावून परत वाचला. “फांदीचं काय लिहिलंय?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते उठून ओपन स्पेसपर्यंत गेले आणि कडुनिंबाकडे बघून आले. आल्यावर पेपर उघडून बसले. पण बी.एड.चं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

त्या एका ओळीवर मी किती वर्षं जगले म्हणून सांगू. मला वाटायचं, रेघ त्यांना दिली, पण फांदीचं वजन स्वतःजवळ राखलं. रेघ म्हणजे कपडे, आपलं बघणं म्हणजे अंग. कपडे कंपनीचे असेनात का. हे मी नव्या पोरांनाही समजावते, आणि ते खोटं नाही. त्यांच्यातलं कुणी पेणहून आलेलं असतं, कुणी परभणीहून, प्रत्येकाजवळ आपली एक दुपार असते. मी त्यांना सांगते, ती टाकू नका, फक्त मुलगी सारखी दिसू द्या. सांगताना मला माझंच बोलणं आवडतं.

पण एखादी गोष्ट रोज केली की ती बघायची गरज उरत नाही. फांदी वाकवायची हे आता माझ्या हाताला पाठ आहे. आंबा असो, वड असो, कार्टूनमधलं निळं झाड असो, माझी फांदी तेवढीच वाकते आणि तेवढ्याच वेळात परत येते. मागे एकानं कंपनीत तिच्या वाकण्याची फाइल करून ठेवली, कुणालाही कुठल्याही झाडाला लावता येईल अशी. माझंच नाव दिलं तिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, केक कापला. मी केक खाल्ला. घरी येऊन मला कळेना, की माझ्याजवळ आता कुणाला काढता येणार नाही असं काय उरलं.

म्हणून यंदा मोठ्या आशेनं गच्चीवर बसले होते. वाटलं होतं, कोबा आहे, ऊन आहे, तांब्या आहे, जुनी रेघ आपोआप येईल. आणि आली ती ऑफिसची आजी. मग मी मुद्दाम हात थरथरवून पाहिला. ते तर फारच वाईट झालं, आपलीच नक्कल आपण करावी तसं.

यंदा आणखी एक झालं होतं. अक्का दारात आली, आईनं सवयीनं तिला फिरवलं, आणि पाठीवर मागच्या आखाजीचाच गळा होता. विटलेला. “औंदा टाइमच भेटना नही वं,” अक्का म्हणाली. लग्नसराई, गिऱ्हाइकांची घाई, त्यात गेल्या वर्षापासून तिला शुगर निघालेली. गेल्या आखाजीचा पीस तिच्या पिशवीत जशाच्या तशा घडीत होता. आईनं ती घडी परत पिशवीत ठेवली. मला वाटलं, अक्काचं राहून जाऊ शकतं, तर माझ्यासारखीचं काय.

ऊन उतरल्यावर बिबड्यांची धोतरं पालथी करून आम्ही मागून पाणी शिंपडलं आणि एकेक सोडवत होतो. मी म्हटलं, “अक्का, आईची मशीन आहे ना खाली. शिव की आजच.” ती नको नको म्हणाली. डोळे दुखतात म्हणाली, आते कोन देखस मन्ही पाठ म्हणाली. आई म्हणाली, “मी बघते ना!” इतक्या जोरात म्हणाली, की अक्का हसली आणि उठली.

आईनं मशीनवरचं झाकण काढलं, तेल घातलं. अक्कानं जमिनीवर पीस पसरला, खडूनं खुणा केल्या आणि कात्री चालवायला लागली. टेप गळ्यात होता, पण तिनं तो हातात घेतला नाही.

“माप नाही घ्यायचं?” मी विचारलं.

“मन्हं माप मन्हा हातले याद शे.”

तिचा पाय मशीनवर बसला आणि खोलीत साक्रीचा आवाज सुरू झाला. दोन्ही बाह्या जोडून झाल्या तशी ती आतल्या खोलीत जाऊन घालून आली. बाही दंडावर लोंबत होती, जशी काही दुसऱ्या बाईची. खांदे खाली ओघळलेले. शुगरनं अक्का केवढी उतरली होती, ते ती आल्यापासून रोज साडीत बघून आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तिच्यासुद्धा. माझ्या चित्रात तर ती अजून भरल्या दंडाचीच होती, दुपारीसुद्धा.

अक्कानं आरशात पाठ बघितली, पुढून बघितलं, बाही चिमटीत धरून ओढून पाहिली. आणि मोठ्यानं हसली.

“हात जुनं माप शिवी ऱ्हायना माय! अनि मी तं आते ती नही.”

ब्लाऊज उतरवून तिनं तिथंच बसून ब्लेडनं सगळी शिवण उसवली. तोंड जराही वाकडं न करता, आणलेली भाजी निवडावी तशी. मग गळ्यातला टेप माझ्याकडे टाकला.

“ये आठे, टेप धर.”

मी तिच्या दंडाला टेप गुंडाळला. माझी बोटं पलीकडून एकमेकांना लागली. त्वचा सैल, आत हाड हाताला लागणारं, आणि कोपराजवळ, हात जमिनीला टेकवून कात्री चालवता चालवता आलेली एक गाठ. इतकी वर्षं मी या बाईला काढत होते आणि ती गाठ मला माहीत नव्हती. “लवकर सांग वं,” अक्का म्हणाली. मी आकडा सांगितला, तिनं खडूनं नवी खूण केली, जुनीच्या आत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत ती नवा ब्लाऊज घालून गच्चीवर आली. आईनं तिला फिरवलं. मागचा गळा आधीच्या कुठल्याच वर्षासारखा नव्हता. अक्का दाराच्या चौकटीत जाऊन बसली आणि आईशी बोलायला लागली. मी तांब्या जवळ ओढला. जुनी रेघ कशी होती ते आठवायचं नाही, असं स्वतःला बजावलं, बोट बुडवलं आणि कोब्यावर तिच्या दंडापासून सुरुवात केली. कोपराजवळच्या त्या गाठीशी येऊन बोट अडखळलं.